दुरुस्तीची पोच

चूक दाखवली की प्रोग्राम लिहिणारा आधी स्वतःला सावरतो, कोडकडे मग वळतो. हा क्रम उलटा व्हायला हवा, कारण चूक आणि लिहिणाऱ्याची हुशारी यांचा संबंध आपण मानतो त्याहून पुष्कळ कमी असतो. 'बायनरी सर्च' ही शोधपद्धत पाहा. क्रमाने लावलेल्या यादीचा मध्य काढायचा, नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा. मध्य काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागायचं. ही पद्धत बरोबर असल्याची सिद्धता संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी आपल्या पुस्तकात मांडली होती. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत जोशुआ ब्लॉक यांनीही मध्य तसाच काढला. ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की जावाच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही, ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो, हे २००६ साली खुद्द ब्लॉक यांनीच जाहीर केलं. जावात ही चूक सुमारे नऊ वर्षं राहिली. ती उघडी पडायला यादीत १०७ कोटींच्या आसपास नोंदी लागत, आणि एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी सहसा कुणी चालवत नव्हतं. चूक दाखवणारा अनेकदा अधिक शहाणा नसतो. आपल्याला न दिसलेली परिस्थिती त्याच्यासमोर आलेली असते, इतकंच.

कुणी म्हणेल, दाखवणाराच चुकला असेल तर? मग त्याच्याकडे चूक घडवणारं नेमकं इनपुट मागावं आणि ते चालवून पाहावं. ऐकून घेणं म्हणजे मान तुकवणं नव्हे. तो उद्धटपणे बोलला तर? त्याच्या सुराला वेगळी हरकत घ्यावी, पण मुद्दा खरा असेल तर तो आधी मान्य करावा. चुका कबूल केल्याने पत जाते, ही भीती मात्र संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्याकडे पाहून सोडावी. आपल्या ग्रंथांतली चूक प्रथम दाखवणाऱ्याला ते २००८ पर्यंत २५६ सेंटचा धनादेश पाठवत. 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममधल्या स्वतःच्या चुकांची प्रकारवार यादी त्यांनी १९८९ साली छापली. त्यांच्या शब्दाचं वजन त्याने वाढलंच.

म्हणून दुरुस्तीची पोच द्यावी ती अशी: काय चुकलं, का चुकलं, आता काय बदललं. 'मला तेच म्हणायचं होतं' हे त्यात नसावं आणि गुपचूप केलेला बदलही नसावा. दाखवणाऱ्याला आभार पुरतात. 'का चुकलं' हे हवं असतं ते तिसऱ्याला, जो उद्या तीच बेरीज नव्याने लिहायला बसेल.