सातारच्या स्टँडवर उतरताना

बारावीचा निकाल लागला, गल्लीत पेढे वाटून झाले, देवापुढं नारळ फुटला. चार दिवस घरात आनंद असतो. पाचव्या दिवशी कॉलेजच्या अर्जाचा विषय निघतो आणि तुमच्या ध्यानात येतं, की पोरगं गप्प झालंय. जेवताना मान खाली. शेजारी कुणी "मग, आता कुठं?" म्हणून विचारलं, की उठून गोठ्याकडं जातं. तुम्ही म्हणता, ऊन बाधलं असेल. ऊन बाधलेलं नसतं. आत भीती बसलेली असते.

प्रत्येक गावात अशी पोरं असतात. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी, जत्रेत आईचा पदर न सोडणारी. गाव त्यांना 'घरकोंबडा' म्हणून मोकळं होतं. मी त्यातलाच होतो, म्हणून हे लिहितो आहे. पण नुसता उपदेश कशाला? त्यापेक्षा माझ्याबरोबर एकदा साताऱ्याला चला. माण तालुक्यातून निघू, सकाळच्या एस.टी.नं.

दहिवडी मागं पडली की दोन्ही अंगांना उघडा माळ लागतो. जूनच्या सुरुवातीला वळीव झाला असेल तर कुळवणी चाललेली दिसते, नसेल तर मेंढरांचे कळप. पुसेगावात सेवागिरी महाराजांच्या देवळाच्या दिशेनं बसमधल्या बायका बसल्या जागी हात जोडतात. मग वर्धनगडाचा घाट. घाट ओलांडला की मुलूख बदलतो. कोरेगावच्या बाजूला ऊस दिसतो, आलं दिसतं, पाटाचं पाणी दिसतं. माळावरच्या माणसाला ते हिरवं रान बघूनच आपण परक्या मुलखात आलो असं वाटतं. जरंडेश्वराचा डोंगर दिसू लागला की सातारा जवळ आलं समजा. पुढं माहुली. इथं कृष्णा आणि वेण्णा भेटतात. बस पुलावर आली की म्हातारी माणसं नदीला नमस्कार करतात, आणि समोर अजिंक्यतारा उभा राहतो.

१९७८ सालच्या जूनमध्ये याच पुलावर माझ्या पोटात गोळा आला होता. मांडीवर पत्र्याची ट्रंक, पायाशी वळकटी, शेजारी वडील. पेरणी तोंडावर होती. वडिलांनी मला स्टँडवर उतरवलं, खोलीचा पत्ता हातात दिला आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. घात निघून गेली तर वर्षाची भाकरी जाते, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

पुढचे नऊ दिवस मी कुणाशी बोललो नाही. खोलीतली तिघं बरी होती, पण ती आधीपासून एकमेकांच्या ओळखीची. वर्गात हजेरीला नाव पुकारलं की 'हजर' हा एवढासा शब्द घशात अडकायचा. गैरहजेरी लागायची आणि मी शेवटच्या बाकावर बसलेला असायचो. खानावळीत गर्दी दिसली की परत फिरायचो, घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर भागवायचो. दहाव्या दिवशी वळकटी बांधली आणि दहिवडीची गाडी धरली.

आईला आनंद झाला. तिनं त्या दिवशी गुळाची पोळी केली. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुळवाचा कासरा माझ्या हातात दिला. कष्टाचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते चावडीवरच्या एका प्रश्नाचं. "सोडलंस व्हय?" म्हणून जो तो विचारायचा, आणि याही प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझं एक वर्ष असं गेलं. माझ्याबरोबर पास झालेल्या दोघांची शाळा अशीच सुटली, ती कायमची. ती पोरं माझ्यापेक्षा हुशार होती.

आता साताऱ्यात उतरू या. स्टँडवरून पोवई नाक्याकडं चालत निघा. नाक्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. इथून गावात जायला दोन रस्ते. सातारकर त्यांना वरचा रस्ता आणि खालचा रस्ता म्हणतात. एवढं कळलं की नवखा माणूस या गावात हरवत नाही. वरच्या रस्त्यानं मोती चौकात गेलात तर कंदी पेढ्यांची दुकानं लागतील. पण पेढे परतताना घ्या. आधी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या अंगाला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीकडं जाऊ.

कर्मवीरांचं नाव घेतलं नाही तर साताऱ्यात शिकायला येण्याची गोष्टच पुरी होत नाही. २२ सप्टेंबर १८८७ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेला हा माणूस स्वतः मॅट्रिकसुद्धा पुरा झाला नाही. पण ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव दिलं गेलं. १९४७ च्या जूनमध्ये याच गावात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड आहे, ते कशासाठी, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. एक पारंबी रुजली की झाड पुढं सरकतं.

मला या सगळ्यात मोठी वाटते ती निराळीच गोष्ट. त्या बोर्डिंगात येणारी पोरं कोण होती? तुमच्या-आमच्यासारख्यांचीच. नाना जातींची, खेड्यातली, घराबाहेर कधी न राहिलेली. कर्मवीरांनी त्यांना धीराची भाषणं देत बसण्यापेक्षा कामं दिली. कुणी पाणी भरायचं, कुणी भाजी निवडायची, कुणी बागेत खणायचं, कुणी भाकरी थापायच्या. सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं. आणि बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या १९३० मध्ये गेल्या. घर सोडून आलेल्या पोराला आधी पंगतीत जागा लागते आणि हाताला काम लागतं, पुस्तक त्याच्या मागून येतं, हे या नवरा-बायकोला कळलं होतं. त्याच बोर्डिंगात राहून शिकलेले पी. जी. पाटील पुढं बॅरिस्टर झाले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांना तर शाळाच ठाऊक नव्हती. पण १९७९ च्या जूनमध्ये त्यांनी पेरणी चुलत्यांवर सोपवली आणि ते माझ्याबरोबर दोन दिवस साताऱ्यात राहिले. स्टँडपासून कॉलेजपर्यंत मला दोनदा चालवलं. दुसऱ्या वेळी स्वतः मागं राहिले आणि मला पुढं केलं. मग खानावळीत गेले. जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता तिथल्या मावशींना म्हणाले, "पोरगं बोलत न्हाई, पर काम सांगा, करंल." एवढं बोलून ते गेले.

मावशींनी दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी भाकरीची टोपली माझ्या हातात दिली. वाढणाऱ्याला बोलावंच लागतं. "भाकरी वाढू का?" हे माझं साताऱ्यातलं पहिलं वाक्य. पहिले दोन दिवस तेही पुटपुटत होतो. पंधरा दिवसांत चाळीस पोरांची नावं मला ठाऊक झाली, आणि त्यांना माझं. मग एक दिवस वर्गात नाव पुकारलं आणि 'हजर' हा शब्द आपोआप बाहेर पडला. मी काही सभा गाजवणारा वक्ता झालो नाही. आजही नाही. पण शिक्षण पुरं झालं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला घेऊन मी त्याच रस्त्यानं आलो. तीही घरकोंबडी. बस माहुलीच्या पुलावर आली तशी तिनं माझा हात धरला. स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "मामा, मी येते परत तुमच्याबरोबर." मी म्हटलं, "संध्याकाळी ठरवू." तिला घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेलो. वरून अख्खं सातारा पायाशी दिसतं. पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला जरंडेश्वर, लांब सज्जनगड. तिला दाखवलं, हे तुझं कॉलेज, हे वसतिगृह, ती स्टँडची बाजू, आणि तो आपल्या गावाकडचा रस्ता. गाव वरून बघितलं की लहान होतं.

तिथंच तिला शाहू महाराजांची गोष्ट सांगितली. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. मोगलांच्या छावणीत जवळजवळ अठरा वर्षं काढून १७०७ मध्ये ते सुटले आणि १२ जानेवारी १७०८ ला याच किल्ल्यावर त्यांना राज्याभिषेक झाला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना तर कुणी न्यायलाही येणार नव्हतं." मी काही बोललो नाही. संध्याकाळी तिनं मला गाडीत बसवून दिलं. डोळे भरलेले होते, पण ती मागं राहिली.

तेव्हा आई-बापांनो, तुमच्या घरातलं असं पोर या जूनमध्ये निघणार असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, कॉलेज सुरू होण्याआधी एकदा बरोबर जा. पेरणी असली तरी एक दिवस काढा. रस्ता, खानावळ, दवाखाना, ग्रंथालय दाखवा आणि परत येताना त्याला पुढं चालू द्या. तिथल्या एका तरी माणसाशी तुमची स्वतःची ओळख करून ठेवा.

दुसरी गोष्ट, हाताला काम बघा. अनेक महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम मिळतं. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजनाही आहे. तिच्या शिबिरात खोरं-घमेलं धरावं लागतं, आणि त्यात आपलं पोर शहरातल्या पोरांच्या पुढं असतं. जे काम चांगलं येतं, ते करताना भीड लवकर चेपते.

तिसरी गोष्ट फोनची. आमच्या वेळी पत्र यायला चार दिवस लागायचे, तोवर रडू ओसरलेलं असायचं. आता फोन खिशात असतो. दिवसातून पाच वेळा "जेवलास का, करमतंय का?" विचारू नका. दोन दिवसांनी वेळ ठरवून बोला. "नाही करमत तर ये निघून" हे वाक्य आईच्या ओठावर येतंच, ते गिळा. त्यापेक्षा घरी यायची तारीख आधीच ठरवून द्या. तारीख ठाऊक असली की पोर दिवस मोजत का होईना, थांबतं.

चौथी गोष्ट, सोयींची माहिती घ्या. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची फी २०२४ मध्ये सरकारनं माफ केली. अटी आणि मुदत कॉलेजच्या कार्यालयात विचारा. रॅगिंगची धास्ती असेल तर १९९९ पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे, हे पोरालाही सांगून ठेवा.

मात्र महिना उलटूनही पोर जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर पडत नसेल, तर त्याला लाजाळू म्हणून सोडू नका. जाऊन भेटा, शिक्षकांशी बोला, डॉक्टरला दाखवा. आणि एवढं करून ते परत आलंच, तर चावडीच्या आधी तुम्ही त्याच्या बाजूनं उभे राहा. एक वर्ष गेलं म्हणजे शिक्षण गेलं असं नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा गाडी असते.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. अजून कमीच बोलते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्याबरोबर पाटण खोऱ्यातली एक मैत्रीण होती. ती हिच्यापेक्षाही लाजरी. ओसरीवर पाय ठेवायला कचरत होती. भाचीनं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "ये गं आत, माझंही असंच व्हायचं."