हशाचा पत्ता

विनोदी मालिकेच्या एखाद्या भागावर प्रेक्षक मत देतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो, या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने क्वचितच लक्ष दिले. ‘आजचा भाग रंगला’, ‘मागच्याइतका जमला नाही’, ‘गुंड्याभाऊ फार थोडा वेळ दिसला’ अशा धर्तीच्या शेऱ्यांना आस्वादाच्या चर्चेत जागा नसते. ही घरगुती बोलणी समजून बाजूला ठेवली जातात. हान्स रॉबर्ट याऊसच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची उजळणी आपल्याकडे पुष्कळ झाली. ते क्षितिज कोणत्या गावातून पाहिले जाते, ही विचारणा मात्र राहूनच गेली.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आलेली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा भिडस्त, सदैव फजितीच्या काठावर उभा असलेला चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी आणि त्याचा दणकट सोबती बाळ कर्वे यांनी उभा केला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते; पुढल्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. म्हणजे चिमणराव ज्या वस्तीतला, त्याच वस्तीत त्याचा प्रेक्षक. त्याचे मत हे शेजाऱ्याचे मत होते. काऊसारखी गृहिणी आणि मोरूसारखा पोर आपल्या बिऱ्हाडातही आहे, या ओळखीवरच भागाची प्रत ठरत असे.

तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यापर्यंत हे प्रक्षेपण पोचत नव्हते. १९७५-७६ च्या उपग्रह-प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. आरमोरी किंवा ब्रह्मपुरीच्या माणसाला चिमणराव भेटला असेल तर तो पुस्तकातून.

म्हणून विनोदावर मत देण्याचा सराव त्याला नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. धानाची कापणी आटोपली, की दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो. वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, कंपन्यांकडे गावे आगाऊ प्रयोग ठरवतात. मंडई किंवा शंकरपट हे निमित्त. पाहुण्यारावळ्यांनी घरे भरतात. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. या मंडपातले मत प्रयोग संपल्यावर द्यायचे नसते. ते शिट्टीने, हशाने, मध्येच जाहीर झालेल्या बक्षिसाने दिले जाते, आणि नट ते ऐकून पुढचे वाक्य लांबवतो किंवा गिळून टाकतो. अमेरिकेत १९५० च्या सुमारास मालिकांना मुद्रित हसू जोडण्याची प्रथा पडली, तिच्यामागे याच गोष्टीची उणीव होती. पेटीतला हशा नटाला ऐकू येत नाही.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अकरा दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. पुढे लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी संच असलेल्या घरांत जी गाजलेली विनोदी मालिका पोचली ती हिंदी होती: १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’. लेखक शरद जोशी. (विदर्भात हे नाव ऐकताच शेतकरी आंदोलनाचा नेता डोळ्यांपुढे यावा, हा निव्वळ योगायोगाचा विनोद.) सतीश शाह प्रत्येक भागात निराळ्या सोंगात येत. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ही रीत परकी नव्हती. ओळखीच्याच माणसाने आज कोणते सोंग घेतले, हे पाहायलाच तो रात्र जागवीत आला आहे. फरक इतकाच, की सोंग फसले तर इथे ते दुरुस्त करून घेण्याचा त्याचा अधिकार संपला होता.

याहून खोल प्रश्न भाषेचा आहे. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’. झाडीपट्टीच्या नाटकात नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठीत प्रेम करतात आणि रडतात. बोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. प्रेक्षक आपल्याच घरच्या उच्चाराला हसतो. हे केवळ निरागस हसू आहे असे म्हणणे कठीण आहे. दूरदर्शनला पत्र लिहायला बसलेला इथला माणूस लेखणी उचलताच ‘ण’ आणि ‘ळ’ जागच्या जागी बसवू लागतो. त्याचे मत पाकिटात शिरण्याआधीच परभाषेत गेलेले असते. पण बाजू एवढीच नाही. मालकाला उद्देशून जे नायकाला उच्चारता येत नाही ते हेच पात्र बोलीत बोलून जाते, आणि मंडप त्याच्या बाजूने उभा राहतो. कुरखेडा भागातील परशुराम खुणे यांनी अशा भूमिका आयुष्यभर केल्या. सुमारे ८०० भूमिका आणि ५००० प्रयोग अशी त्यांची नोंद आहे. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बातमीने पुण्या-मुंबईच्या पुष्कळ रसिकांना या रंगभूमीचे नाव प्रथमच कळले, ही गोष्ट कोणाच्या अभिरुचीविषयी काय सांगते, ते वेगळे लिहायला नको.

आता झाडीपट्टीतले विनोदी प्रवेश भ्रमणध्वनीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिले जातात, आणि जुना चिमणरावही त्याच काचेवर सापडतो. कुरखेड्याच्या एखाद्या मुलाला त्याची भिडस्त फजिती रुचेल किंवा न रुचेल. त्याचे ठसठशीत ‘ण’ आणि ‘ळ’ मात्र, पुणेकराला ‘पानी’ वाटावे तितकेच, गमतीचे वाटू शकतात. असे मत त्या मुलाने शेजारी बसलेल्याला सांगितलेही असेल, अर्थात आपल्या बोलीत.