मुधोळचे रक्त आणि मोकळे रान

बेळगाव-बागलकोटच्या टापूत मुधोळ जातीचा कुत्रा पाळण्याची हौस जुनी आहे. अशा घरी पाहुणा आला की कुत्र्याच्या निमुळत्या तोंडाचे व आत ओढलेल्या पोटाचे कौतुक करून झाल्यावर तो एक प्रश्न हमखास विचारतो, "याला मोकळा सोडता का हो?" या प्रश्नाची दोन उत्तरे आम्ही आजवर ऐकत आलो. काही मंडळी म्हणतात, शिकारी रक्ताचा भरवसा नाही, साखळीच बरी. दुसरी म्हणतात, धावण्यासाठी जन्मलेले जनावर आहे, त्याला रान मोकळे दिलेच पाहिजे. आमच्या घरी हरणी नावाची मुधोळ कुत्री सहा वर्षे आहे. तिच्या सहवासात आमचे मत असे झाले आहे की, ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. मोकळीक द्यावी हे खरे. पण ती आधी कमवावी लागते, आणि त्यातले बरेचसे कष्ट धन्याच्या वाट्याचे असतात.

या जातीचा इतिहास आपल्या मराठी घराण्याशी जोडलेला आहे. 1948 साली विलीन झालेल्या मुधोळ संस्थानाचे अधिपती घोरपडे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, म्हणून संस्थानाचे नाव जातीला चिकटले. महाराष्ट्रात तिलाच कारवान म्हणतात. 2005 साली भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर हा कुत्रा झळकला, आणि 2016 साली या जातीची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली. वाचकांना याचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु ज्या गुणाचा अभिमान, तोच गुण फिरावयास नेताना आपली परीक्षा पाहतो.

हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर शिकार करणारे. मनुष्याला समोरचे सुमारे 180 अंशांचे दृश्य दिसते, कुत्र्याला सुमारे 240. लांब तोंडाच्या जातींत डोळ्याच्या पडद्यावरील पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजालगतची बारीकशी हालचालही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पाहणे, दबा धरणे, पाठलाग, पकड आणि शेवट, अशा शिकारीच्या पायऱ्या असतात. मनुष्याने पिढ्यान् पिढ्या निवड करून या जातीत पाठलागाची पायरी विशेष बळकट केली. मुख्य गोष्ट अशी की, धावणे हेच तिचे बक्षीस असते. ससा हाती लागो वा न लागो, धाव घडली की मेहनताना मिळाला! म्हणून प्रत्येक पाठलाग पुढच्या पाठलागाची खोड पक्की करतो. अशा वेळी घातलेली हाक तिच्या कानांवर पडली तरी मनापर्यंत पोहोचत नाही. त्याला उद्धटपणा समजून, परत आल्यावर तिला चोप देणारे धनी आम्ही पाहिले आहेत. कुत्रा त्यातून एवढेच शिकतो की, परत गेले की मार मिळतो. मग तो दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा परततो.

यात केवळ आपल्या कुत्र्याचा प्रश्न असता तर एक वेळ चालले असते. ससा, मोर, काळवीट यांची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ती कुत्र्याच्या तोंडून झाली म्हणून धन्याची जबाबदारी संपत नाही. वेगाच्या भरात या जनावराला रस्ता व मोटार दिसत नाही, हे निराळेच. पण आमच्या मनावर खरा ठसा उमटवला तो एका वृद्ध धनगराने. भातकापणीनंतर आमच्याकडील शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात. हरणी घरी आली त्याच हिवाळ्यात, तिला दोरीवर धरून बांधावरून जात असता, आम्ही त्याला विचारले, "मामा, कुत्री बांधलेली आहे, जवळून जाऊ का?" तो म्हणाला, "लांबनं जावा अण्णा. कुत्रं चावलं न्हाई तरी मेंढी भ्याली की गाभ टाकती. वरसाची कमाई हाय आमची." एवढे बोलून तो आपल्या कामाला लागला. कुत्र्याच्या मौजेची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले.

तेव्हापासून आमच्या घरी एक क्रम ठरला. पहिले वर्षभर हरणीला उघड्या रानात मोकळे सोडले नाही. बैलाच्या कासऱ्यासारखी 30 फुटांची दोरी घेतली आणि ती गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीपट्ट्याला बांधली. कारण भरधाव कुत्र्याला दोरीचा हिसका बसला तर मानेला इजा होते. दोरी हाताला गुंडाळावयाची नाही, हा दुसरा नियम, नाहीतर तळहात सोलून निघतो. घरातच शिट्टीचा अभ्यास सुरू केला. शिट्टी वाजली की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. आणि हा तुकडा शिट्टीवाचून एरवी कधीही मिळावयाचा नाही. आधी स्वयंपाकघरात, मग अंगणात, मग निवांत माळावर, आणि अखेरीस दूर शेळ्या चरत असता, असा एकेक टप्पा वाढवीत नेला. हे काम मुख्यतः आमच्या सौभाग्यवतींनी केले. त्यांच्या शिट्टीला जो मान आहे, तो आमच्या शिट्टीला अद्याप नाही.

सर्वांत महत्त्वाचा धडा वेळेचा. धाव सुरू झाल्यावर हाक व्यर्थ असते. कान ताठ होतात, मान स्थिर होते, पुढचा पाय अधांतरी राहतो, तो क्षण हाकेचा. म्हणून रानात धन्याची नजर कुत्र्यावर हवी, गप्पांत नव्हे. ससे पहाटे व तिन्हीसांजेला बाहेर पडतात, तेव्हा हिवाळ्यात आम्ही सकाळी नऊनंतर निघतो. जिथे मेंढ्यांचा तळ पडला असेल ती वाट त्या दिवसापुरती सोडून देतो.

मात्र भूक मारून शिस्त येत नाही. धावण्याची हौस कुठेतरी पुरवलीच पाहिजे. आमच्या एका स्नेह्यांची चिकूची बाग आहे, सभोवार उंच भिंत. तेथे आठवड्यातून दोनदा हरणी मनसोक्त सुटते. लांब काठीला दोरी व दोरीच्या टोकाला चिंधी बांधून मुले ती जमिनीवरून फिरवतात आणि हरणी तिच्यामागे वाऱ्यासारखी पळते. "थांब" म्हटल्यावर थांबली तरच चिंधी पुन्हा हलते. असे खेळता खेळता, पाठलागाची परवानगी आपल्याकडूनच मिळते, हे तिला उमगत गेले.

आज सहा वर्षांनी तिला आम्ही बागेत पूर्ण मोकळी सोडतो. दूरवर दिसणाऱ्या रिकाम्या शेतात छातीपट्ट्याला लोंबती दोरी ठेवून सोडतो, आणि मेंढरे वा सडक जवळ असेल तर दोरी हाती धरतो. ज्यांचा कुत्रा अधिक तापट असेल त्यांनी तोंड उघडून धापा टाकता येतील असे जाळीचे मुसके वापरावे. सवय लावली की कुत्रा ते आनंदाने घालून घेतो. काही कुत्रे आयुष्यभर दोरीवरच राहतील. त्यात धन्याचा पराभव नाही आणि कुत्र्यावर अन्यायही नाही. लांब दोरीवर तासभर हुंगत फिरलेला कुत्रा, दाराशी साखळीने जखडलेल्या कुत्र्यापेक्षा शतपट सुखी असतो.

मुधोळचे पिल्लू आणण्याचे ज्या वाचकांच्या मनात असेल, त्यांना आमचे एकच सांगणे आहे. पिल्लाची वंशावळ पाहण्याआधी आपल्या घराभोवतीची जमीन पाहा. ते कोठे धावेल, कोणाच्या मेंढ्या तेथे बसतात, भिंत कोठे आहे, आणि रोज दीड तास त्याच्यासाठी घरातले कोण देणार, याची उत्तरे आधी मिळवा. ती मिळाली, की पिल्लू खुशाल घरी आणा.