आई पाण्यात उतरली!

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये आईने आठवडाभर एकच सराव केला: डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी आणि श्वास फक्त तोंडाने. पोहता येत नाही, वय छप्पन्न. तरी मालवणला स्नॉर्कलिंग करायचंच होतं. मला रात्रभराच्या बसपेक्षा तिचीच धास्ती जास्त!

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवरायांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला. आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. होडीतून उतरल्यावर आईने रिंग घट्ट धरली, डोकं पाण्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं. दुसऱ्यांदा मात्र बाईसाहेब वर येईचनात! काळे-पिवळे पट्टेवाले मासे तिच्या हाताभोवती फिरत होते.

दमून ती खडकावर पाय टेकणार, तोच गाइड ओरडला, "काकी, पाय टेकू नकात! ता जिवंत आसा!" आपल्याला दगड वाटतो, पण इवल्याशा जिवांची ती वसाहत असते. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात आणि एका टाचेने मोडतात.

आईने पाय वर ओढले आणि उरलेला वेळ तशीच तरंगत राहिली. किनाऱ्यावर सोलकढी पिताना तिचा पहिला प्रश्न, "आता तुझ्या बाबांना पाण्यात कसं उतरवायचं गं?"