अचूक नेमाचे मोल

उत्तरायणाने आम्हां बडोदेकरांना आकाशाकडे पाहण्याची सवय लावली. म्हणून मुलांच्या ‘पोकेमॉन’ खेळातला पिजॉट हा शिकारी पक्षी आम्हांला परका वाटला नाही. इवलेसे पिजी १८ व्या पातळीवर पिजॉटो होते, ३६ व्या पातळीवर पिजॉट. २०१४ च्या आवृत्त्यांपासून तर ‘पिजॉटाइट’ नावाचा मणी जवळ असला की लढाईपुरता तो ‘मेगा पिजॉट’ होतो आणि त्याचे सामर्थ्य अफाट वाढते.

या सामर्थ्याची अट मात्र विचारात पाडणारी आहे. त्याचा नेम कधी चुकत नाही. पण प्रतिपक्षाचा वारही त्याला चुकविता येत नाही. हा वर शापासकटच मिळतो. रावणावर झेप घेऊन पंख गमावणाऱ्या जटायूची आठवण आम्हांला झाली ती यामुळेच.

आमच्या गच्चीवर घिरट्या घालणाऱ्या घारीला मणी लाभत नाही, शाप तेवढा लाभतो. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही १४ जानेवारीला दोऱ्याने पंख कापले जातातच. लढाई संपताच पिजॉट पूर्वरूपात येतो. घारीचा तुटलेला पंख पुन्हा जुळत नाही. मुलांच्या हाती फिरकी देण्यापूर्वी आपण एकवार वर पाहावे, एवढेच.