शून्यावरचा काटा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात दोर बांधून ओढत आणलेली जुनी डिझेल जीप उभी आहे. आंबा घाटाच्या अलीकडे ऑइल प्रेशरचा काटा एकाएकी शून्यावर बसला आणि मालकाने तिथेच इंजिन बंद केलं. "मिस्त्री, इंजिन उतरवायचं काय?" तो उतरता उतरताच विचारतो.

"बंद केलंत, हे बेस झालं," एवढंच म्हणून मिस्त्री डिपस्टिक ओढतात. ऑइल वरच्या खुणेपाशी. दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. डिझेलचा वासही नाही.

ऑइलचा पंप दाब बनवत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या अरुंद फटींतून जाताना ऑइल अडतं आणि त्या अडण्यातून दाब उभा राहतो. झिजून फटी रुंदावल्या की ऑइल सहज निसटतं, काटा उतरतो. क्रँक आणि बेअरिंग यांना वेगळं ठेवणारा ऑइलचा थर केसाहूनही कितीतरी पातळ. तो गेला की धातूला धातू भिडतो.

शिकाऊ असताना मिस्त्रींनी हे पाहिलं होतं. एका गाडीचा ऑइलचा लाल दिवा विझेना. स्विचच खराब असणार, असं सगळ्यांनी ठरवलं आणि नवा स्विच मागवून गाडी तशीच चालू दिली. ती परतली ती जाम झालेल्या इंजिनासह. तेव्हापासून काट्यावर किंवा दिव्यावर एकट्यावर ते निकाल देत नाहीत.

म्हणून इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवली जाते. ब्लॉकवर बसवलेल्या सेंडरची एकुलती तार काढून मिस्त्री क्षणभर ब्लॉकला टेकवतात. काटा थेट टोकाला जातो. या जीपच्या मीटरची रीत तशीच: तार मोकळी तर काटा तळाला, अर्थ मिळाली तर वर. काही गाड्यांत नेमकं उलट असतं, त्यामुळे मीटरची जात आधी ओळखावी लागते. आता मीटर आणि तार दोन्ही निर्दोष ठरले. उरले दोघं, सेंडर आणि इंजिन.

सेंडर खोलल्यावर आट्यांवर पांढऱ्या टेपचे चार वेढे दिसतात. गळती थांबवायला कुणीतरी गुंडाळलेले. एका तारेचा सेंडर अर्थ घेतो तो या आट्यांमधूनच. घाटाच्या हादऱ्यांनी उरलासुरला स्पर्शही सुटला असावा.

तरी मिस्त्री सेंडर लगेच परत बसवत नाहीत. पत्र्याच्या डब्यातून नळीचं साधं मीटर निघतं. 1849 मध्ये पॅरिसच्या यूजेन बुर्दोंनी पेटंट घेतलेली वाकडी नळी त्याच्या पोटात आहे. दाब आला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. तार नाही, बॅटरी नाही. ते सेंडरच्या भोकात बसवून इंजिन चालू होतं. मिस्त्री वाकून ठोका येतो का ते ऐकतात. इंजिन गरम होईपर्यंत कुणी बोलत नाही, कारण थंड, घट्ट ऑइल झिजलेल्या इंजिनालाही चांगला आकडा देतं. गरम झाल्यावर स्लोमध्ये 20 पाउंड. रेस दिल्यावर 45.

आट्या ब्रशने घासून सेंडर टेपशिवाय परत बसतो. मिस्त्री वहीत तारीख, किलोमीटर आणि दोन्ही आकडे लिहून घेतात, पुढच्या खेपेला ताडून बघायला. मालक अजून डॅशबोर्डपाशी वाकून उभा आहे, इंजिन पुन्हा चालू होताना काटा वर चढलेला पाहत.