छत्तीस पानांचा डाव

पत्त्यांच्या कॅटातून काही पाने काढून ठेवून खेळण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पाच-तीन-दोन या डावात अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पाने आणि दोन सत्त्या मिळून तीसच पाने लागतात. तीनशे चार या डावाला बत्तीस. त्यामुळे पोकर नावाच्या परदेशी खेळाची एक शाखा दुर्री, तिर्री, चौकी व पंजी ही सोळा पाने वगळून छत्तीस पानांवर खेळली जाते, हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस नवल वाटले नाही. मकावच्या बड्या जुगाऱ्यांच्या टेबलांवर तिने मूळ धरले, 2018 पासून ट्रायटन नावाच्या स्पर्धांत ती गाजली आणि 2019 मध्ये पोकरच्या जागतिक मालिकेतही तिला स्थान मिळाले. तिथून जनवाड्याच्या ओसरीपर्यंतचा तिचा प्रवास मात्र थोडा सांगण्याजोगा आहे.

आमच्या ओसरीवर राज्य होते ते तीनशे चारचे. नोकरीच्या काळात सुट्टीपुरते आणि निवृत्तीनंतर नित्याचे. चौघांपैकी आम्ही व आमचे चुलत बंधू अण्णा मराठी, मास्तर कन्नड बोलणारे आणि वकीलसाहेब दखनी. 1956 साली प्रांतरचना झाली, बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. पण पत्त्यांच्या भाषेची वाटणी कोणत्याही आयोगाला करता आली नसती. आम्ही 'हुकूम' म्हणतो तो सर कापणारा रंग. वकीलसाहेबांचा 'हुकुम' म्हणजे इस्पिक. मास्तरांचे 'तुरुप' म्हणजे आमचा हुकूम, आणि त्यांच्या कन्नडात 'इस्पीट' म्हणजे अवघा पत्त्यांचा खेळच. तेव्हा "हुकूम बदाम" असे अण्णा म्हणाले की वकीलसाहेब हटकून विचारायचे, "एक बोलो, हुकुम या बदाम?" हा विनोद वर्षानुवर्षे चालला आणि वर्षानुवर्षे आम्ही हसलो. आमचा 'किलवर' हा शब्द डचांच्या 'क्लाव्हर'शी जुळतो आणि गुलाम व नव्वी यांना सर्वांत वर बसवणारा त्यांचा क्लाव्हरयास हा बत्तीस पानी खेळही तीनशे चारच्या कुळातला दिसतो, हे आम्ही एकदा सांगू लागलो, तेव्हा मास्तरांनी "आधी पान टाका" असे म्हणून आमचे व्याख्यान संपवले होते.

ज्यांनी तीनशे चार खेळलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विवरण. गुलाम तीसचा, नव्वी वीसची, एक्का अकराचा, दस्सा दहाचा, बादशहा तीनचा, राणी दोनची, अठ्ठी-सत्ती शून्य. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. आधी चारच पाने हाती येतात आणि त्या चारांवर बोली करायची; आमच्या ओसरीवर ती एकशे साठपासून सुरू होई. ज्याची बोली चढे तो आपला हुकूम पालथा घालतो, मग उरलेली चार पाने येतात. म्हणजे अर्ध्या माहितीवर पूर्ण वचन द्यावयाचे. आमच्या हाती गुलाम असून नव्वी नसेल, तर ती पुढच्या चार पानांत आम्हांलाच येण्याची शक्यता अठ्ठाविसात चार, भिडूकडे असण्याची अठ्ठाविसात आठ, आणि प्रतिपक्षाकडे असण्याची अठ्ठाविसात सोळा. सातातली चार वेळा नव्वी शत्रूच्या घरी, हे कळूनही आम्ही एकशे ऐंशी बोलत असू, कारण समोर मास्तर बसलेले असत. त्यांनी बोलीच्या फेरीत घेतलेला क्षणभराचा विलंब आम्हांस वाचता येत असे. तो संकेत नव्हता. संकेत म्हणजे लबाडी झाली असती, आणि मास्तर ती करणारे नव्हते. तीस वर्षे एकाच माणसासमोर बसले की त्याचे श्वास मोजता येतात, इतकेच.

दोन वर्षांपूर्वी पौषात मास्तर गेले. चौथा गेला की तीनशे चार थांबते, आणि नवा भिडू शोधा असे सुचवणाऱ्यांना भिडू या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. गावात पत्ते जाणणारे अनेक आहेत. परंतु अण्णांनी एकाला आणून आमच्यासमोर बसवले, त्या गृहस्थांनी पहिल्याच डावात आमच्या मोठ्या सरावर आपली नव्वी न टाकता अठ्ठी टाकली, आणि आम्ही काही बोललो नाही. मास्तर असते तर चांगले भांडलो असतो. आम्ही बोललो नाही, तेव्हाच त्या डावाचे भवितव्य कळून चुकले.

तिघांत पाच-तीन-दोन खेळून पाहिले. त्या डावात मागच्या खेपेस ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून जिंकणाऱ्याने पान ओढायचे असते. हरलेल्याकडचे चांगले पान काढून जिंकलेल्याला देण्याची ही पद्धत आम्हांस सरकारी वसुलीची आठवण करून देते. महिन्याभरात तो डाव मिटला. मग दिवाळीला बेंगळूरुहून आलेल्या नात्यातल्या एका मुलाने छत्तीस पानांचा डाव शिकवला. तो कितीही जणांत चालतो आणि त्यात भिडू नसतो. त्या वेळी ही दुसरी गोष्ट आम्हांस सोयीची वाटली.

डाव असा. प्रत्येकास दोन पाने पालथी, मग मध्ये आधी तीन, नंतर एक, नंतर एक अशी पाच पाने उघडी. सातांतून उत्तम पाच निवडावयाची. आम्ही प्रत्येकी एक चिंचोका मध्ये ठेवतो, वाटणारा दोन ठेवतो, आणि प्रत्येक टप्प्याला चाल वाढवायची किंवा पॅक व्हायचे. तीन पत्ती खेळलेल्यास यातले बहुतेक समजते, आणि तिथेच तो फसतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. पूर्ण कॅटाच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर, पण फुल हाऊसच्या खाली. आणि छत्तीस पानांत कलर फुल हाऊसच्याही वर. हा लहरीपणा नसून मोजणीचा परिणाम आहे. छत्तीस पानांतून पाच पाने निवडण्याचे एकूण 3,76,992 प्रकार होतात. त्यांत फुल हाऊस 1,728 आणि निव्वळ कलर अवघे 480. रंगात तेराऐवजी नऊच पाने उरल्यामुळे कलर दुर्मीळ होतो. ट्रेल मोठी की सिक्वेन्स, याबाबत मात्र ठिकठिकाणी भेद आहे, तेव्हा ते पाने वाटण्यापूर्वी ठरवावे. आमच्याकडे सिक्वेन्स मोठी.

यातून खेळाचे पहिले सूत्र निघते. मध्ये तीन पाने उघडल्यावर आपल्याला दोन्ही टोकांनी उघडी अशी चार पानांची मालिका जमली, तर ती पुरी करणारी आठ पाने न दिसलेल्या एकतिसांत असतात. पुढच्या दोन पानांत ती साधण्याचा संभव शंभरात शेहेचाळीस. पूर्ण कॅटात तोच एकतीस-बत्तीस. उलट एका रंगाची चार पाने असतील तर त्या रंगाची पाचच उरतात आणि संभव शंभरात तीस. म्हणून मालिकेच्या आशेवर चाल द्यावी, रंगाच्या आशेवर स्वस्त असेल तरच द्यावी. अण्णांना हे आजतागायत पटलेले नाही. चार बदाम दिसले की त्यांचा हात चिंचोक्यांकडे जातोच.

दुसरे असे की, मोठ्या जोडीचा गर्व धरू नये. पूर्ण कॅटात हाती दोन एक्के 221 डावांत एकदा येतात, येथे 105 डावांत एकदा. जे दुपटीने येते ते इतरांनाही येते. शिवाय हाती कोणतीही जोडी असली तर पहिल्या तीन उघड्या पानांत तिची ट्रेल होण्याचा संभव येथे शंभरात सतरा, पूर्ण कॅटात बारा. म्हणजे आपल्या दोन बादशहांसमोर कोणाच्या तरी दोन सत्त्यांना तिसरी मिळते, आणि आपण अखेरपर्यंत बादशहांकडे पाहत बसतो. मध्ये तीन लागोपाठची पाने पडली आणि वकीलसाहेबांसारखा सावध मनुष्य चाल वाढवू लागला, तर नुसत्या जोडीने पॅक व्हावे.

तिसरी बाब नवशिक्यांच्या नजरेतून सुटते. पंज्या नसल्यामुळे येथे एक्का छक्कीच्या खाली येऊन बसतो. एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी ही पुरी सिक्वेन्स होते. परंतु ती सर्वांत लहान. मध्ये नव्वी-दस्सा-गुलाम असताना आपल्या सत्ती-अठ्ठीने सिक्वेन्स साधली, तरी राणी-अठ्ठीवाला आपल्या वर असतो आणि राणी-बादशहावाला त्याच्याही वर. मालिकेचे खालचे टोक धरणाऱ्याची येथे मोठी हानी होते. धरावे ते वरचे टोक.

तीनशे चारमधून येथे काय उपयोगी पडते याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पडलेली पाने लक्षात ठेवण्याची विद्या फारशी पडत नाही, कारण तिथे बत्तीसच्या बत्तीस पाने अखेर डोळ्यांसमोर येतात आणि येथे बहुतेक पालथीच राहतात. अर्ध्या माहितीवर बोलण्याचे धैर्य मात्र तेच. आणि माणूस वाचणे. पूर्वी आम्ही भिडूला वाचत होतो, आता प्रतिपक्षाला वाचतो. आणि हे दुसरे वाचन आम्हांस अजून रुक्ष वाटते.

पैशांचा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वी सांगून टाकतो: आमच्याकडे चिंचोकेच. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडणारी पाने ध्यानात ठेवावी लागतात आणि कोणते धरावे, कोणते टाकावे हे ठरवावे लागते. तीन पत्त्यांच्या डावाला ती सवलत मिळाली नाही. वकीलसाहेब हा निवाडा तोंडपाठ सांगतात. पण आम्हांस हा खेळ शिकवणाऱ्या मुलाने तोच खेळ मोबाइलवर पैसे लावून खेळून वर्षभराची बचत घालवली होती, आणि त्याला संभवांचे गणित आमच्यापेक्षा चांगले येत होते. गणित चुकले नव्हते. रात्री दोन वाजता समोर कोणाचा चेहरा नसताना, थकव्याने जड झालेल्या डोळ्यांनी, तो तासाला शेकडो डाव खेळत होता. आमच्या ओसरीवर तासाला दहा-बारा डाव होतात, मध्ये चहा येतो, आणि कोणाचे चिंचोके संपू लागले की इतरांना ते दिसते. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्य की दैव, हा भेद त्या कायद्याने बाजूलाच ठेवला. वकीलसाहेबांना तो कायदा म्हणून खटकतो; त्या मुलाच्या आईला खटकला नाही.

आता ओसरीवर आम्ही पुन्हा चौघे आहोत, कारण आमच्या सौ. डावात बसू लागल्या आहेत. मग तीनशे चार पुन्हा का सुरू करत नाही, असे अण्णांनी विचारून पाहिले. त्यावर सौ.चे उत्तर असे की, भिडूने भिडूवर कसे ओरडायचे असते ते तीस वर्षे आतल्या खोलीतून ऐकले आहे, त्या जागेवर बसायची इच्छा नाही. छत्तीस पानांत त्या पाचांतले चार डाव पहिल्याच फेरीत पॅक करतात, हाती गुलाम-दस्सा किंवा त्याहून चांगले असेल तेव्हाच राहतात, आणि राहिल्या की दुपटीने वाढवतात. गेल्या संक्रांतीपासून चिंचोक्यांचा मोठा डबा त्यांच्याकडेच आहे. डाव मांडायचा झाला की आम्ही तिघे त्यांच्याकडून मोजून उसने घेतो, प्रत्येकी चाळीस.